पर्थचा पावसाळा: नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांसाठी

ऑस्ट्रेलियातल्या पर्थला येणारी अनेक मराठी कुटुंबे जानेवारीच्या अखेरीस उतरतात, कारण शाळांचे आणि विद्यापीठांचे वर्ष त्याच सुमारास सुरू होते. पहिले दोन-तीन महिने डोक्यावर निरभ्र आकाश, पायाखाली तापलेली वाळू आणि अंगणात करपलेले गवत एवढेच दिसत असल्यामुळे या शहरात पाऊस जवळजवळ पडतच नाही, अशी समजूत होऊन बसते. मग मे महिन्यातल्या एखाद्या रात्री घरावरून वारा घोंघावत जातो, तुंबलेल्या पन्हळी ओसंडून पाणी भिंतीवरून उतरते आणि दोरीवरचे कपडे शेजाऱ्यांच्या अंगणात सापडतात. आमचे अगदी असेच झाले होते. ती पहिली रात्र येण्याआधी हाताशी असावी अशी सगळी माहिती येथे क्रमाने दिली आहे.

पहिली पायरी: डोक्यातली दिनदर्शिका बदलावी

पर्थमध्ये वर्षाला सरासरी सुमारे ७३० मिमी पाऊस पडतो. पुण्याच्या शिवाजीनगर वेधशाळेची सरासरीही याच्या जवळपास जाते, आणि पुण्याहून आलेल्या माणसाची फसगत येथेच होते. कारण आकडा सारखा असला तरी पावसाची जातकुळी वेगळी आहे. महाराष्ट्रात उन्हाची काहिली संपवायला पाऊस येतो, तर पर्थमध्ये तो थंडीचा हात धरून येतो. वर्षाच्या पावसापैकी सुमारे दोन-तृतीयांश पाऊस मे ते ऑगस्ट या चार महिन्यांत पडतो. जुलै हा सर्वात ओला महिना असून त्याची सरासरी १४० मिमीच्या आसपास आहे, आणि याच महिन्यात दिवसाचे कमाल तापमान १८-१९ अंशांवर अडकून राहते. याउलट डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारी या तीन महिन्यांत मिळून ५० मिमीसुद्धा पाऊस पडत नाही.

कोरडा उन्हाळा आणि ओला हिवाळा असा हा क्रम भूमध्य समुद्राच्या काठावरील प्रदेशांत आढळतो, म्हणून त्याला भूमध्यसागरी हवामान म्हणतात. कॅलिफोर्निया, चिलीचा मध्यभाग, दक्षिण आफ्रिकेतील केप टाऊनचा परिसर आणि ऑस्ट्रेलियाचा नैर्ऋत्य कोपरा हेही त्याच कुळातले आहेत. पर्थ दक्षिण अक्षांश ३२ च्या जवळ, खंडाच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे आणि तेथील पावसाची बहुतेक सगळी वैशिष्ट्ये या स्थानातून निघतात.

या भूमीचे मूळ रहिवासी असलेल्या नूंगार लोकांनी वर्षाचे सहा ऋतू मानले आहेत, आणि माझ्या मते नव्या माणसाने इंग्रजी चार ऋतूंऐवजी तेच आधी शिकावेत, कारण सहा ऋतूंच्या सवयीत वाढलेल्या आपल्याला ते लवकर उमजतात. डिसेंबर-जानेवारीचा कोरडा, तापू लागलेला काळ म्हणजे बिराक. फेब्रुवारी-मार्चचा सर्वाधिक उष्ण काळ बुनुरू. एप्रिल-मेमध्ये रात्री गार होऊ लागतात आणि पहाटे दव पडते तो जेरान. जून-जुलैचा थंड आणि ओला काळ माकुरू. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पावसाचे दिवस आणि स्वच्छ, गारठलेल्या रात्री आलटून पालटून येतात तो जिल्बा. आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरचा रानफुलांचा काळ कम्बारांग. आपले सण या चौकटीत बसवून पाहिले की नियोजन सोपे जाते. होळी कडक उन्हात येते, आषाढी एकादशी ऐन माकुरूत येते, गणेशोत्सव जिल्बात येत असल्यामुळे विसर्जनाच्या दिवशी सर येण्याची शक्यता धरूनच जागा ठरवावी लागते, आणि दिवाळी बहुधा कोरडी जाते.

दुसरी पायरी: पाऊस कोठून येतो ते समजून घ्यावे

हवेच्या जास्त दाबाचा एक पट्टा दक्षिण गोलार्धात पृथ्वीभोवती पसरलेला असतो आणि तो सूर्यामागोमाग उत्तर-दक्षिण सरकतो. उन्हाळ्यात हा पट्टा पर्थच्या दक्षिणेला असतो. त्यामुळे शहरावर पूर्वेकडून, म्हणजे खंडाच्या कोरड्या अंतर्भागातून वारे वाहतात, आणि दक्षिणेकडील महासागरात फिरणारी वादळी हवा शहरापर्यंत पोहोचू शकत नाही. दुपारी समुद्रावरून येणारा नैर्ऋत्य वारा गारवा देतो, पण पाऊस देत नाही. लोक त्याला प्रेमाने फ्रीमँटलचा डॉक्टर म्हणतात. हिवाळ्यात हाच पट्टा उत्तरेला सरकतो, दार उघडते, आणि पश्चिमी वाऱ्यांबरोबर थंड हवेच्या आघाड्या हिंदी महासागर ओलांडून एकामागून एक किनाऱ्यावर येऊ लागतात. येथील बोलण्यात त्यांना कोल्ड फ्रंट म्हणतात, आणि तोच शब्द आपल्यालाही वापरावा लागेल.

मोसमी पाऊस एकदा बसला की हवा आठवडेच्या आठवडे ओली राहते. पर्थमध्ये तसे होत नाही. येथे पावसाचे एकक म्हणजे एक फ्रंट: तो येतो, काही तास किंवा दिवसभर झोडपतो, मागे सरींचा एक दिवस ठेवतो आणि निघून जातो. नंतर दोन-चार दिवस लख्ख ऊन पडते आणि पुढचा फ्रंट येतो. जुलैमध्येसुद्धा दिवसाला सरासरी सहा तासांच्या आसपास ऊन मिळते, हे मुंबईत जुलै काढलेल्या माणसाला सांगून खरे वाटत नाही. क्वचित उत्तरेकडील उष्ण समुद्रावरून ढगांचा एक लांब पट्टा वायव्येकडून तिरपा पसरत येतो आणि त्यातून शांत, एकसारखा पाऊस लागतो. आपल्या संततधारेची आठवण करून देणारा पाऊस हाच.

तिसरी पायरी: फ्रंट ओळखायला शिकावे

पहिल्या हिवाळ्यात एखाद्या दिवशी घरी असताना हा सगळा क्रम एकदा डोळ्यांनी पाहावा. आदल्या दिवशी हवा कोंदट आणि जून महिन्याच्या मानाने उबदार वाटू लागते. वारा उत्तरेकडून, मग वायव्येकडून येऊ लागतो आणि त्याचा जोर वाढत जातो. पश्चिमेला समुद्रावर ढगांची करडी भिंत उभी राहते. प्रत्यक्ष फ्रंट पोहोचतो तेव्हा पाऊस आडवा येतो, छत्री उलटी होते, आणि मग अवघ्या काही मिनिटांत वारा दिशा बदलून नैर्ऋत्येकडून वाहू लागतो. त्याच क्षणी हवा गार पडते. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी पश्चिमेला आहे. वारा फिरला की तिच्या काचेवर पाण्याचा मारा एकदम डावीकडून होऊ लागतो, आणि आता मुख्य पाऊस सरला, यापुढे सुटे ढग, मधूनच ऊन, एखादी झोडपून जाणारी सर आणि कधी ज्वारीच्या दाण्याएवढ्या गारा, असे आम्ही त्यावरून ओळखतो.

यातून दोन व्यवहाराच्या गोष्टी निघतात. छत्रीवर विसंबू नये. टोपी असलेले, वारा अडवणारे जाकीट घ्यावे आणि ते मे ते सप्टेंबर गाडीतच ठेवावे. दुसरे म्हणजे, कपडे वाळवणे, फरशी धुणे, मुलांना मैदानावर नेणे ही कामे दोन फ्रंटमधल्या उघडिपीत बसवावीत. आपल्याकडे पावसाळाभर घरात दोऱ्या बांधून ठेवतात तशी पाळी येथे सहसा येत नाही. दोन दिवस थांबले की ऊन मिळते.

चौथी पायरी: अंदाज नीट वाचावा

ऑस्ट्रेलियाच्या हवामान खात्याचे, म्हणजे ब्यूरो ऑफ मीटिऑरॉलॉजीचे, ॲप फोनवर घ्यावे. त्यात पावसाबद्दल दोन वेगळ्या गोष्टी दिलेल्या असतात आणि नवे लोक त्यांतली एकच वाचतात. टक्केवारी म्हणजे पाऊस पडण्याची शक्यता; त्याखाली मिमीमध्ये दिलेला पल्ला म्हणजे किती पडेल याचा अंदाज. ९० टक्के आणि १ ते ३ मिमी असे लिहिले असेल, तर सर जवळजवळ नक्की येईल, पण रस्ता जेमतेम ओला होईल. तेच ९० टक्के आणि २० ते ३५ मिमी असेल, तर तो येथल्या मानाने मोठा पावसाचा दिवस आहे. मुंबईच्या मोजमापाने २० मिमीला कोणी पाऊसही म्हणणार नाही, पण येथे जुलैमध्ये सोळा-सतरा पावसाळी दिवसांत मिळून १४० मिमी पडतो, तेव्हा एका दिवसातले २५ मिमी म्हणजे किती, याचा अंदाज यावा. मोजणी सकाळी ९ ते सकाळी ९ अशी चोवीस तासांची असते. त्यामुळे रात्री पडलेला पाऊस दुसऱ्या दिवसाच्या नावावर दिसला तर गोंधळू नये.

टक्क्यांपेक्षाही उपयोगी आहे ते रडार. पर्थचे रडार शहराच्या दक्षिणेला सर्पेंटाइन येथे आहे आणि त्याच्या चित्रात समुद्रावरून सरकत येणारे पावसाचे पट्टे स्पष्ट दिसतात. पट्टा कोणत्या दिशेने आणि किती वेगाने सरकतो आहे हे दोन-तीन चित्रे पुढे-मागे करून पाहिले, की शाळेतून मुलांना आणायला आत्ता निघावे की वीस मिनिटे थांबावे, हे ठरवता येते. थोड्या सवयीनंतर समदाब रेषांचा नकाशाही वाचावा. त्यावर त्रिकोणी दात असलेली निळी रेषा म्हणजे कोल्ड फ्रंट, आणि तिच्या मागेपुढे रेषा जितक्या दाट, तितका वारा अधिक.

वाऱ्याच्या इशाऱ्यांकडे पावसाच्या इशाऱ्यांपेक्षा जास्त लक्ष द्यावे. वाऱ्याचे झोत ताशी ९० किमी किंवा त्याहून जोराचे होण्याची शक्यता असेल तेव्हा नुकसानकारक वाऱ्याचा इशारा निघतो आणि १२५ किमीपुढे विध्वंसक वाऱ्याचा. छप्पर उडाले, झाड घरावर पडले किंवा घरात पाणी शिरले, तर मदतीसाठी स्टेट इमर्जन्सी सर्व्हिसचा क्रमांक १३२ ५०० आहे. जिवाला धोका असेल तर ०००. हे दोन्ही क्रमांक आजी-आजोबांच्या फोनमध्येही साठवून द्यावेत.

पाचवी पायरी: एप्रिलमध्ये आगोटीची कामे उरकावीत

कोकणात मृग लागायच्या आत लाकूडफाटा भरून, झापे लावून, पापड-लोणच्यांची बेगमी करून आगोटीची तयारी होते. पर्थमध्ये ही तयारी वस्तूंच्या साठ्यासाठी करावी लागत नाही, पण घरासाठी करावी लागते आणि तिचा मुहूर्त एप्रिल हा आहे. भोवतालच्या गहू पट्ट्यातले शेतकरीही २५ एप्रिलच्या अँझॅक दिनाच्या, म्हणजे येथील युद्धस्मृतिदिनाच्या, आगेमागे पेरणीला लागतात आणि हंगामाच्या पहिल्या चांगल्या पावसाची, ज्याला ते ब्रेक म्हणतात, वाट पाहतात.

सर्वात आधी पन्हळी साफ कराव्यात. येथली निलगिरीच्या कुळातली झाडे उन्हाळाभर पाने आणि साल गाळतात आणि हा सगळा पाला पन्हळीत बसतो. वरून पाहिल्याशिवाय तो दिसत नाही. पहिल्याच मोठ्या सरीत पाणी पुढून न सांडता मागे छताच्या आत उलटते आणि छताच्या आतल्या बाजूला तपकिरी डाग उमटतो. भाड्याच्या घरात हे काम कोणी करायचे, हे करारात पाहून एप्रिलच्या आरंभीच मालकाला किंवा एजंटला लेखी कळवावे. आम्ही फक्त फोनवर सांगितले होते, कोणी आले नाही, आणि डाग पडल्यावर आधी सांगितल्याचा पुरावा आमच्याजवळ नव्हता.

दुसरे काम सोकवेलचे. पर्थ वाळूवर वसलेले आहे, त्यामुळे बहुतेक घरांत छताचे पाणी रस्त्यावरच्या गटारात न सोडता अंगणात पुरलेल्या, भोके असलेल्या गोल टाक्यांमध्ये सोडतात आणि तेथून ते वाळूत मुरते. या टाक्यांना सोकवेल म्हणतात. त्यांत पाला आणि वाळू साठली की पाणी मुरत नाही आणि अंगणात तळे होते. झाकण उघडून आत किती गाळ आहे ते एकदा पाहावे. पन्हळीवर जाळी बसवली की हे काम दर वर्षी करावे लागत नाही.

अंगणातील ट्रॅम्पोलिन, प्लास्टिकच्या खुर्च्या, सावलीचे कापड हे सर्व बांधून किंवा आत ठेवावे. घराच्या आतली तयारी बहुतेकांना अनपेक्षित वाटते. येथील जुनी विटांची घरे उन्हाळा डोळ्यांपुढे ठेवून बांधलेली आहेत. हिवाळ्यात ती आतून बाहेरपेक्षाही थंड लागतात. खिडक्या बंद, आत गॅसची शेगडी, भाताची वाफ आणि गरम पाण्याच्या आंघोळी असे चालू राहिले की दक्षिणेकडच्या भिंतीवर ओल धरते, कपाटांना कुबट वास येतो आणि बुरशीचे काळे ठिपके दिसू लागतात. दक्षिणेकडची भिंत अशासाठी, की दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून जातो आणि त्या भिंतीला हिवाळ्यात ऊन लागतच नाही. रोज दुपारी, पाऊस नसताना, अर्धा तास समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात.

विजेची एक गोष्ट विशेष सांगण्यासारखी आहे. उन्हाळाभर विजेच्या खांबांवरील इन्सुलेटरवर, म्हणजे तारेतली वीज खांबात उतरू न देणाऱ्या आधारांवर, धूळ आणि समुद्राचे मीठ साठते. मग पहिला हलका पाऊस किंवा दाट धुके आले की त्या थरातून वीज झिरपते आणि लाकडी खांबाच्या माथ्याला आग लागते. मोठ्या पावसात हा थर धुऊन जातो. धोका असतो तो झिमझिम पावसाचा. म्हणून मार्च-एप्रिलमध्ये, कोठेही वादळ नसताना, रात्री अचानक वीज जाते. बॅटरी आणि भरलेली पॉवर बँक तेव्हापासूनच हाताशी असावी. त्याच पहिल्या पावसात महिन्यांची धूळ आणि तेल वर येऊन रस्ते निसरडे होतात, आणि जूनमध्ये सूर्य संध्याकाळी ५:२० च्या सुमारास मावळत असल्यामुळे घरी परतण्याचा प्रवास अंधारात, ओल्या रस्त्यावरून होतो. पुढच्या गाडीपासूनचे अंतर वाढवावे.

सहावी पायरी: राहण्याची जागा पाहून हिशोब करावा

शहराच्या पूर्वेला सुमारे ३०० मीटर उंचीची डार्लिंग स्कार्प ही कडा उत्तर-दक्षिण पसरलेली आहे. सह्याद्रीपुढे ती टेकडीच, पण काम तेच करते: समुद्रावरून आलेली ओली हवा ती वर ढकलते आणि कड्याच्या माथ्यावर हजार मिमीहून जास्त पाऊस पाडून घेते. शहराची जुनी धरणे म्हणूनच या डोंगरपट्ट्यात बांधलेली आहेत. कड्याच्या मागे पाऊस झपाट्याने उतरतो. पर्थपासून सुमारे १०० किमीवरच्या नॉर्थमला सव्वाचारशे-साडेचारशे मिमी आणि आणखी पूर्वेला मेरेडिनला तीनशेच्या घरात. दक्षिणेकडे मार्गारेट रिव्हर, ऑल्बनीच्या बाजूला जावे तसा पाऊस वाढतो. कड्यावर घर घेणाऱ्याने जास्त ओल आणि थंडी धरून चालावे. हिवाळ्यात दक्षिणेला सहलीला जाणाऱ्याने फ्रंट तेथे जास्त जोराने आणि जास्त वेळा पोहोचतात हे लक्षात ठेवावे.

सातवी पायरी: बागेचे पाणी आणि वाळू

आमच्या पहिल्या मे महिन्यात रात्रभर चांगला पाऊस झाला. सकाळी मी मेथीच्या वाफ्यात बोट खुपसले, तर वरची नखभर वाळू ओली आणि खाली ती पूर्ण कोरडी, भुरभुरीत, फेब्रुवारीत होती तशीच. वरून तांब्याभर पाणी ओतले. ते अळूच्या पानावर थांबते तसे गोल थेंब होऊन थांबले आणि उताराने वाहून गेले. कुजलेल्या पानांतील मेणासारख्या द्रव्याचा थर वाळूच्या कणांवर बसतो आणि उन्हाळ्यात वाळल्यावर तो पाण्याला आत शिरू देत नाही. यावर उपाय म्हणजे रोपवाटिकेत मिळणारा सॉइल वेटर, म्हणजे वाळूत पाणी मुरू देणारे द्रव्य, एप्रिलमध्ये घालणे, भरपूर कंपोस्ट मिसळणे आणि वाफ्यावर आच्छादन ठेवणे. कुंडीत लावणाऱ्यांनाही हीच अडचण येते.

मेथी, कोथिंबीर, पालक, मुळा हे सर्व एप्रिलच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत पावसावर छान येतात. ऑक्टोबरनंतर ते भराभर फुलावर जातात. भेंडी, गवार, वांगी उन्हाळ्यात होतात, पण सगळे पाणी आपल्याला द्यावे लागते. स्थानिक झाडे लावायची असतील तर पहिल्या चांगल्या पावसानंतर, मे-जूनमध्ये लावावीत, म्हणजे पुढच्या उन्हाळ्याआधी मुळे खोल जातात.

पाण्याचे नियम पाळावेच लागतात. १ जून ते ३१ ऑगस्ट स्प्रिंकलर पूर्ण बंद ठेवायचे असतात. इतर काळात आठवड्यातील दोन ठरलेल्या दिवशी, घरक्रमांकाच्या शेवटच्या आकड्यानुसार, सकाळी ९ च्या आधी किंवा संध्याकाळी ६ नंतर ते चालवता येतात. घर भाड्याने घेतल्याबरोबर स्प्रिंकलरच्या नियंत्रकावर आपले वार बसवून घ्यावेत, कारण आधीच्या भाडेकरूने काय लावून ठेवले होते, याचा दंड आपल्यालाच बसतो.

हे नियम एवढे कडक का, ते मला मनापासून सांगावेसे वाटते. १९७० पासून ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य भागातील मे ते जुलैचा पाऊस सुमारे २० टक्क्यांनी घटला आहे. फ्रंट घेऊन येणारे पश्चिमी वारे दक्षिणेकडे सरकले आहेत आणि हवामानबदलाचा त्यात मोठा वाटा आहे. धरणांत येणारे पाणी तर याहून कितीतरी जास्त प्रमाणात आटले, कारण कोरडी जमीन आधी आपली तहान भागवते आणि उरले तरच ओढ्याला सोडते. म्हणून २००६ मध्ये क्विनाना येथे आणि २०११ मध्ये बिनिंगअप येथे समुद्राचे पाणी गोडे करणारे प्रकल्प सुरू झाले. आज पर्थच्या नळाला येणाऱ्या पाण्यात धरणांपेक्षा समुद्राचे आणि जमिनीखालचे पाणी जास्त आहे. माठ भरताना मुलांना हे जरूर सांगावे.

आठवी पायरी: उन्हाळ्यातील अपवाद विसरू नयेत

उन्हाळा कोरडा असतो, पण कोरडाच जाईल असे नाही. शहरातील एका दिवसातील सर्वाधिक पावसाची नोंद, १२०.६ मिमी, ९ फेब्रुवारी १९९२ ची आहे, म्हणजे अगदी बुनुरूतली. २२ मार्च २०१० रोजी, दीर्घ कोरड्या काळानंतर, गडगडाटी वादळात गोल्फच्या चेंडूएवढ्या गारा पडल्या, हजारो गाड्या आणि घरे फुटली आणि किंग्ज पार्क या टेकडीवरच्या उद्यानाच्या उतारावरून चिखल खालच्या रस्त्यावर आला. असा इशारा आला तर गाडी छपराखाली न्यावी आणि काचेपासून दूर बसावे. उत्तरेकडून विरत येणारी चक्रीवादळेही क्वचित या बाजूला वळतात. १९७८ च्या एप्रिलमध्ये आलेल्या आल्बी वादळाने नैर्ऋत्य भागात पावसापेक्षा वारा आणि वणवे जास्त आणले होते.

शेवटी एक साधा पर्जन्यमापक विकत घेऊन अंगणात, झाड आणि भिंतीपासून लांब, खांबावर बसवावा आणि रोज सकाळी ९ वाजता आकडा वहीत लिहावा. शेजारी वाऱ्याची दिशाही लिहावी. सप्टेंबरच्या अखेरीस, किंग्ज पार्कमध्ये कांगारू पॉ ही रानफुले फुललेली असताना, दोन नोंदींमधले कोरडे दिवस वाढत चाललेले वहीत दिसू लागतील. तेव्हा जाकीट गाडीतून काढावे आणि वाफ्यांवरचे आच्छादन जाड करून घ्यावे.